डबा आपटण्याआधी घड्याळ बघायचं होतं

आज सकाळी गल्लीत एका माणसाने डबेवाल्या मावशींच्या उंबऱ्यावर स्टीलचा डबा आपटला. कप्पे चारी बाजूंना गेले, परवाचा वाळलेला भात पायरीवर सांडला. "तुमच्या वांग्याने माझं घर आडवं झालं," हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. मावशींचे हात ज्वारीच्या पिठाने भरलेले. एक शब्द न बोलता त्या खाली बसून भात गोळा करायला लागल्या. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

दादा, तुमच्या घरात पहिली उलटी कुणाला झाली? पोराला. रविवारी रात्री. डबा कधी आला? मंगळवारी संध्याकाळी आठला. आणि पोरगं आजारी, वहिनींना चुलीपाशी उभं राहायला सवड नाही, म्हणूनच तर डबा सांगितला होता! मंगळवारी रात्री अकराला तुम्हाला सुरू झालं, बुधवारी रात्री आजींना. त्याच संध्याकाळी त्याच पातेल्यातली भाजी आणखी अकरा घरांत गेली. एकाचंही पोट बिघडलेलं नाही.

शेवटचं जे खाल्लं त्यालाच दोष द्यायची आपल्याला खोड आहे. उलटीत वांगं दिसलं की वांगं गुन्हेगार. अहो, तीन तासांपूर्वी जे पोटात गेलं तेच उलटीत दिसणार ना!

विषाणूची चाल वेगळी असते. नोरोव्हायरस म्हणून उलट्या-जुलाबांचा विषाणू आहे, तो शरीरात गेल्यावर १२ ते ४८ तासांनी डोकं वर काढतो. आधी मळमळ, मग एकदम उलट्या, पाण्यासारखे जुलाब, अंग मोडून येणं, थोडी कणकण. एक ते तीन दिवसांत उतरतो. आणि घरात तो एकाच वेळी सगळ्यांना धरत नाही, एकामागून एक धरतो. रविवारी रात्री पोराची उलटी कुणी पुसली? बापाने. तिथून ४८ तास मोजा, मंगळवारची रात्रच येते. विषाणूचं नेमकं नाव तपासणीशिवाय सांगता येत नाही, हे मान्य. पण साखळी घरातल्या घरात चाललीय हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

अन्नातून विषबाधा होते तेव्हा चित्र असं नसतं. एकाच पंगतीतली माणसं थोड्या तासांच्या फरकाने एकदम पडतात, आणि ज्याने तो पदार्थ खाल्ला नाही तो सहसा ठणठणीत राहतो. स्टॅफिलोकोकस म्हणून जिवाणू असतो, हाताच्या जखमेतून किंवा नाकातून बासुंदीत, पेढ्यात जातो आणि तिथे विष तयार करतो. अर्ध्या तासापासून आठ तासांत जोराच्या उलट्या, बहुतेकदा एका दिवसात खेळ संपतो. शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो, त्याच्याही उलट्या अर्धा ते सहा तासांत. ही दोन्ही विषं पुन्हा उकळून जात नाहीत. "गरम करून खाल्लं होतं की" याला म्हणूनच अर्थ नाही. लग्नातल्या मोठ्या पातेल्यातला रस्सा सावकाश निवत राहिला की क्लॉस्ट्रिडियम नावाचा तिसरा जिवाणू वाढतो. त्याने ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब, उलटी आणि ताप सहसा नाही. साल्मोनेला मात्र सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उठतो, तापासकट. तिथे कालचं नाही, चार दिवसांपूर्वीचं जेवण आठवावं लागतं.

बरं, प्रत्येक डबा धुतल्या तांदळासारखा असतो असं नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर एकच तास. डबा देणाऱ्या सगळ्याच जणी हे पाळत नाहीत. पण मंगळवारचा डबा गरम आला होता आणि लगेच खाल्ला होता, हे वहिनींनीच सांगितलं.

संशय घ्यायचाच तर घरातल्या पिंपावर घ्या. नळाला रोज पाणी नाही, म्हणून आपण भरून ठेवतो. त्यात कुणीही येऊन पेला बुडवतो, पेल्याबरोबर बोटंही. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, झाका, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा.

आता आजींचं. दुपारी बघितलं तर जीभ कोरडी, ओठांना भेगा, आणि उशाशी कोल्ड्रिंकची बाटली. राग गिळला. म्हातारं माणूस, कुणीतरी मायेनेच दिलं असणार. पण इतकी साखर आतड्यात गेली की ती उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ओआरएसची मोठी पुडी, २०.५ ग्रॅमची, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात नाही. जास्त घट्ट झालं तर अपाय, पातळ झालं तर उपयोग कमी. २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. छोटा चमचा, सपाट, शीग नाही. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. पेलाभर एकदम दिलं की परत बाहेर येतं आणि घरचे म्हणतात "पाणीसुद्धा ठरत नाही". चमच्याने ठरतं. आजींना ठरलं. त्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, मनाने चालू ठेवू नका आणि मनाने बंदही करू नका.

लहान पोरांना प्रत्येक जुलाबामागे: दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांत १०० ते २०० मिली. अंगावरचं दूध थांबवू नका. सहा महिन्यांपुढच्या बाळाला डॉक्टर झिंक सांगतील, रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. मऊ भात, पेज, ताक चालेल. उपाशी ठेवू नका.

आणि ती औषधांची पिशवी! घरात जुलाब थांबवायच्या गोळ्यांची पाकिटं आणि अँटिबायोटिकचा उरलेला पत्ता, दोन्ही सात वर्षांच्या पोराला द्यायची तयारी. अँटिबायोटिक विषाणूचं काही वाकडं करत नाही. जुलाब बांधणारी गोळी तर ताप किंवा रक्त असताना मोठ्यांनीही घेऊ नये, मुलांना डॉक्टरांशिवाय मुळीच नको. चिठ्ठीशिवाय हे काउंटरवरून हातात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

शौचात रक्त, १०२ च्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, चमच्यानेही काही ठरत नाही, बाळ सुस्त पडलं, किंवा जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होताहेत, तर गूगल करत बसू नका, सरळ सिव्हिल गाठा.

घर पुसताना फिनेलवर भागवू नका. ओकारी आधी कागदाने उचला, मग एक लिटर पाण्यात २० मिली पाच टक्क्यांचं ब्लीच घालून ती जागा ओली करा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. संडासचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. सॅनिटायझरला हा विषाणू फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद.

दादा, आता राग उतरलाय माझा. घरात तीन माणसं पडल्यावर माणूस सैरभैर होतो, कळतं. मावशींकडे जायचं तुम्ही मनात आणलंय, असं वहिनी म्हणाल्या. पण तुमचा शेवटचा जुलाब काल रात्रीचा. तो थांबल्यापासून ४८ तास दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या आसपास फिरकायचं नाही, आणि सकाळी तुम्ही तेच केलंत. मावशी बारा घरांचं रांधतात. शनिवारी जा, हात साबणाने धुऊन जा, आणि त्या पोचा आलेल्या डब्याच्या जागी नवा घेऊन जा.