मटारचं पाकीट आणि माझी नडगी

आपल्याला नडगी आहे हे बहुतेक लोकांना टीपॉय सांगतो. रात्री पाणी प्यायला उठावं, टीपॉयचा कोपरा सणकून लागावा, तोंडातून नको ते शब्द जावेत आणि पाच मिनिटांत नडगी विसरली जावी. माणसाचा तिच्याशी एवढाच संबंध. माझा जरा लांबला, कारण मी पळायला लागले.

ठाण्यात उपवन तलावाच्या कडेनं पहाटे पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. सुरुवातीला इथे सगळे "जमेल तेवढंच हं" म्हणतात. मग एके दिवशी कोणीतरी सहज विचारतं, "जानेवारीत हाफ करताय ना?" जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन, पेडर रोडचा चढ. हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन, २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे वरचे मीटर आले कुठून, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पूर्ण मॅरेथॉनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर ४२.१९५ किलोमीटर भरलं आणि पुढे तेच कायम झालं. राणीसाहेबांना नीट दिसावं म्हणून शंभरएक वर्षांनी माझी नडगी पणाला लागली, असं मी घरी सांगून पाहिलं. घरच्यांनी ते कारण मान्य केलं नाही.

तर पळून पळून माझी नडगी दुखायला लागली. हे दुखणं मोठं लबाड असतं. पळायला सुरुवात केली की नडगीच्या आतल्या कडेनं, घोट्याच्या वर वीतभर, ठणका लागतो. आपण थांबायचं ठरवतो तोच अंग तापतं आणि दुखणं चक्क पळून जातं. वाटतं, उगाच बाऊ केला. मग घरी येऊन अंघोळ करून स्टेशनचा जिना उतरायला लागलं की पहिल्याच पायरीला ते परत हजर. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी जिना हळू उतरणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक. मागून एक काकू म्हणाल्या, "बाई, दुखत असेल तर लिफ्टनं जावं." लिफ्टची रांग जिन्याच्या खालपर्यंत आली होती.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठ्यानं नडगीची कड वरून खालपर्यंत दाबत नेली. मधल्या टप्प्यात मी टेबलावरून अर्धी उठले. "एका बोटानं दाखवता येईल का, नेमकं कुठे?" मी अख्खा तळवा फिरवून दाखवला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, एकाच ठिकाणी बोट ठेवता आलं असतं, रात्री झोपेतही ठणकलं असतं, तर हाडाला बारीक चीर असल्याची शंका घ्यावी लागली असती. लांबवर पसरलेलं दुखतंय म्हणजे शिन स्प्लिंट्स, पळण्याच्या ताणानं नडगीच्या कडेला होणारं दुखणं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला.

इथेच माझं नुकसान झालं. चीर निघाली असती तर पायाला मोठा बूट चढला असता, ऑफिसात रजा मिळाली असती, शेजारच्यांनी डबा आणून दिला असता. आता माझ्याजवळ होतं शिन स्प्लिंट्सचंच मिडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम हे भारदस्त नाव आणि 'नॉर्मल' असा शेरा मारलेला एक्स-रे. नवऱ्यानं तो ट्यूबलाइटसमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मग भाजी आणायला जातेस ना?"

फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र समजूतदार निघाली. पळताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात, प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, असं तिनं सांगितलं. माझं वजन तिनं कार्डावर लिहिलं होतं, त्यामुळे गुणाकार मीच थांबवला. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड थोडं खरवडून काढतं आणि नवं मागाहून भरतं. म्हणजे आमच्या ठाण्याच्या रस्त्यांसारखंच, आधी खोदकाम, डांबर सवडीनं. त्या मधल्या काळात वर वाहतूक वाढवली की बोंब होणारच. त्यात पोटरीचे स्नायू कमजोर असले तर सगळा हिसका हाडाच्या आवरणावर येतो. "महिन्याभरात अंतर किती वाढवलंत?" तिनं विचारलं. मी भिंतीवरच्या मणक्याच्या तक्त्याकडे बघत राहिले.

घरी प्रत्येकानं आपापला गुन्हेगार निवडला. नवऱ्याला बूट संशयास्पद वाटले, कारण त्याला त्यांची किंमत कळली होती. ग्रुपमधल्या एकानं सपाट तळव्यांवर ठपका ठेवला, दुसऱ्यानं काँक्रीटवर. सासूबाईंचं निदान स्वच्छ होतं: "बाईमाणसं लोकल पकडायला पळतात तेवढं पुरे." तरी त्यांनी आंबेहळद उगाळली. पण त्यांना शेकायचं होतं आणि फिजिओनं बर्फ सांगितला होता. बर्फाची पिशवी गळत होती म्हणून मी फ्रीझरमधलं मटारचं पाकीट पंचात गुंडाळून नडगीला लावलं. ते पायावर छान बसतं, घरंगळत नाही. रविवारी पुलाव केला तेव्हा सासूबाईंनी ताटातले मटार एकेक करून बाजूला काढले. मी पाकीट वेगळं होतं म्हणून शपथ घेतली. त्या म्हणाल्या, "असेलही."

पळणं बंद म्हणून फिजिओनं खोल पाण्यात पळायला सांगितलं. कमरेला पट्टा बांधायचा, पाय टेकवायचे नाहीत आणि उभ्या उभ्या पळायचं. महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर लेडीज बॅचमध्ये मी हे सुरू केलं. पाण्यात अंतर मुळीच कापलं जात नाही, चेहरा मात्र पेडर रोडचा होतो. काठावरच्या जीवरक्षकानं बराच वेळ निरीक्षण केलं आणि शिट्टी फुंकून हाक मारली, "मॅडम, बुडताय का व्यायाम आहे?" मी "व्यायाम!" ओरडले तेव्हा नेमकं नाकातोंडात पाणी गेलं. त्यानं आपल्या अंदाजानं रिंग फेकली.

राहिला तो पोटरीचा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, आणि जमायला लागलं की एकेका पायावर. दिसायला पोरखेळ. दहाव्या वेळेला पोटरी थरथरायला लागते. एका पायावर सलग पंचवीस जमले की पळायचं बोलू, असं फिजिओ म्हणाली होती. मी दार उघडं टाकून जिन्यात करायचे. शेजारचे जोशीकाका प्रत्येक वेळी थांबून "किल्ली विसरलात का?" असं विचारायचे.

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई ओट्याला धरून उभ्या, डावा पाय उचललेला, नजर दुधावर, आणि टाच वरखाली. "बावीस, तेवीस..." मी श्वास रोखून उभी. पंचवीस झाले, त्यांनी गॅस बारीक केला आणि पाय बदलला.

"तुझ्या पायाला काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण हे बरं आहे. तुझ्या त्या बुटांचा नंबर काय गं?"