चार बटणं कुणी मागितली होती?

पुणेकरांनो, जरा आठवून बघा. २००२ ला तीन नगरसेवकांचा प्रभाग. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. मग महाविकास आघाडीने २०१९ च्या शेवटी पुन्हा एक केला, २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन केले आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत चार. या शेवटच्या उलथापालथीत मधे एकही निवडणूक झाली नाही, नुसता कायदाच कुशी बदलत राहिला!

आपल्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात, मुंबईची १८८८ च्या. शहराची घटनाच म्हणा ना. पण ती बदलताना शहराला कुणी विचारत नाही. आधी अध्यादेश, मग अधिवेशनात विधेयक, झालं. ज्या सभागृहाची रचना बदलायची, त्याच्या साध्या ठरावाचीही गरज नाही. आणि यात सगळे पक्ष एका माळेचे मणी. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारं विधेयक आलं, तेव्हा एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्यांनी ते एकमताने मंजूर केलं.

परिणाम? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधे प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होताच, पण या दुरुस्त्यांनीही कोर्टाची वारी लांबवली. पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक घ्या असं संविधान सांगतं; तरी शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

चारच्या प्रभागात मतदान म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा. चारही ठिकाणी बटण दाबायचं, कुणी नको असेल तर 'नोटा', पण दाबायचंच. त्याशिवाय मशीनचा लांब आवाज येत नाही. आमच्या शेजारच्या आजी तिसऱ्या बटणानंतर "झालं का रे बाबा?" विचारत होत्या. आणि निवडणुकीनंतर ड्रेनेज तुंबलं की एक नगरसेवक म्हणतो, ते काम दुसऱ्यांकडे. दुसरे म्हणतात, निधी तिसऱ्यांनी पळवला.

एकाच्या वॉर्डातही नगरसेवक संस्थानिक होतो, मान्य. त्यामुळे एक की चार, यावर भांडायला माझी ना नाही. पण राज्यकर्त्यांनो, तुमच्या सोयीने, तोंडावर आलेल्या निवडणुकीसाठी नको. कायद्यातच लिहा: अशी दुरुस्ती पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या निवडणुकीपासून लागू होईल. आणि आधी महापालिकेचं म्हणणं मागवायचं, लोकांच्या हरकतींसह. बघू मग किती जणांना रचना बदलायची हौस उरते.

आणि हो, मुलुंडचा मतदार एक बटण दाबतो, चेकनाक्यापलीकडचा ठाणेकर चार. असं का, ते कुणीतरी साध्या मराठीत सांगा.