झेंड्याची हिस्सेवाटणी कुठे लिहिली आहे?

ऑगस्ट लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'तिरंग्यातला केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा उरलेल्यांचा. चक्राचे 24 आरे म्हणजे दिवसाचे 24 तास. राष्ट्रगीत पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिलं. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ.' यंदा तो माझ्या शेजारच्या वावरातल्या गोंड मित्राने वाचला. निंदण थांबवून धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मंग भाऊ, आमचा रंग कोनता? आमी तं यात कुठीच नाई."

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी रंग. या दाव्याला जुनं मूळ आहे, हे कबूल केलंच पाहिजे. 1921 मध्ये गांधीजींनी मांडलेल्या झेंड्याचे रंग खरोखरच समाजांचे होते: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर धर्मीयांचा, आणि वर चरखा. तोच चरख्याचा झेंडा घेऊन 1923 मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक न्यायला मनाई होती. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे झाले, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. आपल्या विदर्भाच्या मातीत या झेंड्यासाठी माणसं तुरुंगात गेलेली आहेत, म्हणून त्याच्याबद्दल काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

पण त्या वाटणीवर पुढे हरकती आल्या. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे आहे? म्हणजे माझ्या मित्राचाच प्रश्न. म्हणून 1931 मध्ये काँग्रेसने झेंडा बदलला, लालाच्या जागी केशरी आणला आणि रंगांना धर्मजातीचा अर्थ नाही हे स्पष्ट ठरवून टाकलं. मेसेज लिहिणाऱ्याने तेव्हाच मोडीत निघालेला अर्थ आज पुन्हा बाजारात आणलाय.

22 जुलै 1947 ला संविधान सभेने आजचा तिरंगा स्वीकारला. त्या दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ सांगितला: केशरी त्यागाचा, पांढरा सत्याच्या वाटेवरच्या उजेडाचा, आणि हिरवा मातीशी व झाडापाल्याशी असलेल्या आपल्या नात्याचा, ज्याच्यावर बाकी सगळं जगणं उभं आहे. कंबरेएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं राहून हिरव्याचा हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता चक्र. 24 आरे झेंड्याच्या नियमात आहेत, पण 24 तासांचा हिशेब संविधान सभेच्या ठरावात नाही. ठरावात आहे ते याहून आपल्या जवळचं: मधलं निळं चाक हे चरख्याचं प्रतीक, आणि त्याची घडण सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राची. अख्खा चरखा का नाही घेतला? नेहरूंनी सभेत कारण दिलं होतं. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याला एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसणार. चाक मात्र कुठूनही चाकच. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आमच्या गावातल्या माणसांना हे धम्मचक्र ओळखीचं आहेच; पण ते सुताचंही आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. मित्राने ऐकलं आणि पायाजवळच्या बोंडाला हात लावून म्हणाला, "म्हंजे कापूस हाये यात."

हॉकीचं थोडक्यात. भारत सरकारने कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. 2012 मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला क्रीडा मंत्रालयाने तसंच उत्तर दिलं.

राष्ट्रगीत 27 डिसेंबर 1911 ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं. त्याच दिवशी बादशहाच्या स्वागताचं दुसरं, हिंदी गीतही तिथे झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली आणि ती चूक शंभर वर्षांहून जास्त टिकली. रवींद्रनाथांनी 1937 मध्ये एका पत्रात स्वतः खुलासा केला: बादशहासाठी गीत लिही अशी गळ एका ओळखीच्या सरकारी माणसाने घातली होती, त्याचा राग आला, आणि मी लिहिलं ते युगायुगांच्या भाग्यविधात्यासाठी. कोणताही जॉर्ज तो असू शकत नाही.