सांधा दिसू देणारा शिल्पकार

आमच्या घरी कपाचा टवका उडाला की तो त्याच दिवशी ओट्यावरून हद्दपार होत असे. फुटक्या कपातून पाहुण्याला चहा देणे हा अपमान आणि स्वतः पिणे हा अपशकुन, अशी आईची पक्की समजूत होती. त्यामुळे मुंबईचे शिल्पकार सुदर्शन शेट्टी यांची फुटक्या भांड्यांची शिल्पे पाहताना मला आधी आईच आठवली.

चिनी मातीच्या भांड्याचा गेलेला भाग शेट्टी सागवानात घडवतात आणि उरलेल्या तुकड्याला जोडतात. बाक तोच, कड तीच. पण पांढरी झिलई जिथे संपते तिथून लाकडाचे रेषे सुरू होतात आणि तो सांधा लपवण्याचा जराही प्रयत्न नसतो. आठवण म्हणून आपण जे सांगतो, त्यातलेही बरेचसे मागाहून दुसऱ्याच साहित्यातून आकार जुळवून बसवलेले असते. फरक इतकाच की आपण जोडावर रंग फासतो. म्हणून स्मरणरंजनाचा आरोप त्यांच्यावर होतो तो मला पटत नाही.

मंगळूरला 1961 साली जन्मलेले, यक्षगान कलावंताचे पुत्र असलेले शेट्टी जे.जे.मध्ये चित्रकला शिकले आणि पुढे वस्तूंकडे वळले. वांद्रे-कुर्ला संकुलात 2012 पासून त्यांचे पोलादी पंखांच्या डबलडेकर बसचे शिल्प उभे आहे. काचेच्या कचेऱ्यांपुढे त्या बसला उभे करणे मला तेव्हा खटकले होते, आजही थोडे खटकते. मात्र तेव्हा रस्त्यावर खऱ्या डबलडेकर धावत होत्या, त्यामुळे ती गंमत वाटे. सप्टेंबर 2023 मध्ये बेस्टची शेवटची जुनी, डिझेलवरची डबलडेकर निवृत्त झाली आणि त्याच शिल्पाकडे लोक स्मारकासारखे पाहू लागले. शेट्टींना त्यासाठी काहीच करावे लागले नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2016 साली मांडलेले त्यांचे ‘शून्य घर’ हे मांडणीशिल्प मात्र मला अधिक जवळचे आहे. ज्या गोरखनाथी पदातून ते आले, ते आपल्या कानांत कुमार गंधर्वांच्या आवाजात बसलेले आहे. त्या शिल्पातले खांब आणि कमानी जुन्या लाकडाच्या आहेत, आणि असे लाकूड कुठून येते हे गिरगावकराला सांगावे लागत नाही. आमची चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा कंत्राटदाराने भिंतींना हात लावण्याआधी दारे, चौकटी आणि तुळया उतरवून वखारीला धाडल्या. सागवानाला भाव होता. त्यावर दर दिवाळीला चढलेल्या ऑइलपेंटच्या थरांना आणि तोरणाच्या गंजक्या खिळ्यांना नव्हता. आमच्या दाराचा फक्त कडीकोयंडा मी मागून घेतला. तो आता नव्या सदनिकेतल्या खणात पडून आहे, कारण इथल्या दारांना लॅच आहे.