इच्छा तिला होत नाही, मग डॉक्टरकडे ती एकटीच का?

बायकोला संबंधांची इच्छा होत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: तिला डॉक्टरला दाखव. मग तिच्या रक्ताच्या तपासण्या, तिलाच शतावरी, तिलाच "जरा नटत जा गं". नवरा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला. मला याचा मनापासून राग येतो. आम्ही दोघं एकत्र थेरपीला गेलोय, म्हणून आज त्याला विचारूनच हे लिहितेय.

तपासण्या करू नका असं मुळीच नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन, मधुमेह, अंगावर पाजत असताना किंवा पाळी जाताना येणारा कोरडेपणा, डिप्रेशनच्या काही गोळ्या, यातल्या कशानेही इच्छा मंदावते. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. जे दुखतं त्याची ओढ कशी वाटणार? पण माझे रिपोर्ट नॉर्मल आले आणि त्याचा अर्थ घरात एवढाच निघाला की हिच्याच मनात काहीतरी आहे.

आमच्या समुपदेशक बाईंनी सुरुवातीलाच संबंध बंद करायला लावले. काही आठवडे पूर्ण बंदी. त्याऐवजी ठरलेल्या वेळी, आळीपाळीने, एकमेकांना नुसता स्पर्श करायचा, छाती आणि जननेंद्रियं सोडून. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी ही पद्धत १९७० साली मांडली. तक्रार एकाची असली तरी जोडीदार त्यात त्रयस्थ नसतो, म्हणून उपचार दोघांवर, हा त्यांचा आग्रह होता.

डोंबिवलीच्या वन बीएचकेत हे जमवणं सोपं नाही. हॉलमध्ये सासूबाईंची मालिका चालू, मुलगा कधी दार वाजवेल सांगता येत नाही. नवऱ्याचा हात माझ्या पाठीवर आणि मी आठवतेय, उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घातली का? पुढच्या सेशनला मी हे सांगून टाकलं. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अशा वेळी मटकी तुमच्या डोक्यात कधी येते का हो?" तो बराच वेळ गप्प होता.

त्यानंतर खरं बोलणं सुरू झालं. मी नाही म्हटलं की तो कूस बदलायचा आणि दोन दिवस कामापुरतं बोलायचा. तो अबोला टाळायला मी सोफ्यावरसुद्धा लांब बसायला लागले होते, कारण हात धरू दिला की पुढचं सगळं आलंच, ही धास्ती. आणि त्याला वाटायचं, हिला माझा हातसुद्धा नकोसा झालाय. नकार मिळाला की अपमान झाल्यासारखं वाटतं, हे त्याने लग्नानंतर पहिल्यांदा त्या खोलीत उच्चारलं. बंदीमुळे माझी धास्ती गेली. पुढे काही होणारच नाही म्हटल्यावर मला त्याचा हात नुसता हात म्हणून जाणवायला लागला. रिपोर्टमध्ये हे सापडलं नसतं, आणि मी एकटी गेले असते तर बाहेरही आलं नसतं.

कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की, विशेषतः जुन्या नात्यात, अनेक स्त्रियांना इच्छा आधी होत नाही; जवळीक आणि स्पर्श सुखाचा वाटला की मग जागी होते. मला याने फार धीर आला. पण याचा अर्थ "तू सुरुवात तर कर, होईल इच्छा" असा लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मनाविरुद्ध केलेल्या सुरुवातीने इच्छा येत नाही, किळस येते.

आणि नवऱ्यापेक्षा इच्छा कमी म्हणजे आजार नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत इच्छा आणि उत्तेजना यांच्या तक्रारी एकत्र केल्या आहेत. पण त्या साधारण सहा महिने टिकलेल्या हव्यात आणि त्रास खुद्द तिला व्हायला हवा. नात्यात मारहाण असेल तर ते निदानच बसत नाही. अशा घरातल्या बाईला जोडप्याच्या थेरपीला पाठवूही नये. नवऱ्यासमोर खरं बोलल्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते.

गोळी नाही का, असं इनबॉक्समध्ये विचारणारच. अमेरिकेत २०१५ साली फ्लिबान्सरिनला मान्यता मिळाली, पाळी न गेलेल्या स्त्रियांसाठी. रोज घ्यायची, आणि फायदा डमी गोळीच्या तुलनेत महिन्याकाठी सरासरी अर्धा ते एक जास्तीचा, समाधान देणाऱ्या संबंधांचा प्रसंग. कुणाला तेवढाही मोलाचा वाटेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोन दिवसांच्या अबोल्यावर ती चालत नाही.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं, कामसुखावर स्त्रीचाही हक्क आहे असं मराठीतून मांडलं, खटले सोसले. इतक्या वर्षांनंतरही माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या बायका हा विषय दवाखान्यात "अशक्तपणा वाटतो" म्हणून काढतात.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर दोनच गोष्टी विचारा. दोघांना एकत्र भेटता का? आणि एकदा तरी बाईशी एकटीशी बोलता का? "मॅडमना पाठवून द्या, औषध सुरू करू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर शोधा.