दोन-दोनचा आनंद कसला करायलात?

फुटबॉलच्या इंग्लिश लीगमध्ये आपल्या मँचेस्टर युनायटेडचं बर्नलीसोबत दोन-दोन झालं आणि आपल्याच माणसांना आनंद झाला, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. हरलो असतो तर वाईट वाटलं असतं, दिवस खराब गेला असता, पण डोकं असं फिरलं नसतं. सकाळी वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये चढलो, अजून बसायला जागा मिळाली नव्हती, तर मागच्या सीटवरून आवाज आला, "भाऊ, पाह्यलं का रात्री? टीम कशी मोकळी खेळायली! आमोरिम गेला अन् पोरं सुटली!" मोकळी खेळायली म्हणे. अरे लेका, जिंकली का?

सोमवारी ५ जानेवारी २०२६ ला आपला मॅनेजर रूबेन आमोरिमला काढलं. आदल्या दिवशी लीड्सकडं एक-एक झालं होतं. त्याच्या आधी ३० डिसेंबरला आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर वुल्व्ह्ससोबत एक-एक. वुल्व्ह्स म्हणजे तेव्हा टेबलात सगळ्यात खाली, लीगमध्ये एकही मॅच न जिंकलेली टीम. आणि आता बुधवारी रात्री आमोरिमच्या जागी तात्पुरता डॅरेन फ्लेचर, समोर टेबलातल्या खालच्या तिघांतली बर्नली, निकाल पुन्हा बरोबरी. वुल्व्ह्स, लीड्स, बर्नली. नऊ पॉइंट घ्यायचे होते, हाती आले तीन. दोन आमोरिमचे, एक फ्लेचरचा. यात बदललं काय ते मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

मॅच आपल्याकडं रात्री पावणेदोनला सुरू झाली. जानेवारीची थंडी, घरातले सगळे झोपलेले, मी पांघरुणात मोबाइल धरून कानात हेडफोन घालून. तेराव्या मिनिटाला आपल्याच एडन हेवनला लागून बॉल आपल्याच जाळीत. ठीक आहे, नशीब, पोरगं तरुण आहे, त्याला शिव्या देणारा मी नाही. मग दुसऱ्या हाफात आपल्या शेश्कोनं दहा मिनिटांत दोन मारले. दोन्ही खरे स्ट्रायकरचे गोल, महिन्यांपासून ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तसले. मी तोंडावर हात दाबून ओरडलो. दोन-एक पुढं. समोर बर्नली. आता फक्त डोकं शांत ठेवायचं, बॉल आपल्याकडं ठेवायचा, घड्याळ पुढं जाऊ द्यायचं. एवढंच काम होतं. ती आघाडी दहा मिनिटंसुद्धा टिकली नाही. त्यांच्या जेडन अँथनीनं बरोबरी केली आणि आपले डिफेंडर नेहमीसारखे एकमेकांकडं हात करून उभे. हे हात करणं मी आधीचा मॅनेजर टेन हागच्या वेळी पाहिलंय, आमोरिमच्या वेळी पाहिलंय, आता फ्लेचरच्या पहिल्याच रात्री पाहिलं. शेवटी शेवटी आपल्या शी लेसीचा शॉट बारवर लागला. तो आत गेला असता तर आज सगळ्या संभाजीनगरात पेढे वाटले असते आणि पाठीमागचा हा सगळा सडका कारभार कुणाला दिसला नसता. मला तेही नको होतं आणि ही बरोबरीही नको होती.

आणि आता संध्याकाळी कॅनॉटला चहाच्या गाड्यावर काय चाललंय ते ऐका. दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणायली, "बघा, चार डिफेंडर लावले की कसा फरक पडला, आमोरिमच्या तीन डिफेंडरच्या, तीन-चार-तीनच्या हट्टानंच वाटोळं केलं होतं." दुसरी पार्टी म्हणायली, "बघा, आमोरिमला काढून काय मिळालं? त्याला उगंच घालवला." एकच निकाल, एकच दोन-दोन, आणि दोघंही त्याच्यातून आपल्या मनासारखा पुरावा काढायलेत. कप संपेपर्यंत भांडले, एक जण तर रागानं गाडी काढून निघून गेला. पण अर्ध्या तासात एकाच्याही तोंडून मालकाचं नाव निघालं नाही. एकदाही नाही! मी काढलं तर म्हणतात, "ते सोड रे, ते आपल्या हातात हाये का?" मग फ्लेचर काय आपल्या हातात आहे? शेश्को आपल्या हातात आहे? बोलायचंच आहे तर ज्याच्यामुळं हे होतंय त्याच्याबद्दल बोला ना.

आमोरिमची बाजू घेतोय असं समजू नका. मागच्या सीझनला लीगमध्ये पंधरावा नंबर आणि ४२ पॉइंट, हे त्याच्याच काळातलं. बिल्बाओला टॉटनहॅमसमोर युरोपा लीगची फायनल एक-शून्यनं घालवली, ते त्याच्याच काळातलं. गणपती बसले त्या रात्री चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीनं लीग कपातून पेनल्टीवर बाहेर काढलं, बारा-अकरा, ते मी कधीच विसरणार नाही. घरात गणपती बसलेला, दिवा तेवत होता, आणि मी बाहेरच्या खोलीत एकेक पेनल्टी बघत डोकं धरून बसलेलो. माणूस हट्टी होता, त्याची सिस्टीम आपल्या खेळाडूंना बसत नव्हती, हे कुणालाही दिसत होतं. पण मग त्याला आणलं कुणी? तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये तीन डिफेंडरच खेळवतो हे सगळ्या युरोपला माहीत होतं. सीझन अर्ध्यात असताना त्याला उचलून आणला, कुन्या, म्ब्यूमो, शेश्को असे दोनशे दशलक्ष पौंडांच्या वरचे खेळाडू घेतले, मिडफिल्डर मात्र घेतला नाही, आणि चौदा महिन्यांनी म्हणायचं की जमत नाही, जा. लीड्सच्या मॅचनंतर तो बोललाच, मी इथं मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी घरी.

याला जोडून टेन हागचं बघा. २०२४ च्या मेमध्ये त्यानं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. जुलैमध्ये त्याचा करार वाढवला. २८ ऑक्टोबरला हाकलला. ज्यांनी जुलैमध्ये सही केली, त्यांना ऑक्टोबरमध्ये कुणी जाब विचारला का? त्याला आणि त्याच्या स्टाफला घालवायला एक कोटी पौंडांच्या वर गेले, हे क्लबच्या स्वतःच्या हिशोबात आहे. आणि खेळाडू निवडायला म्हणून गाजावाजा करून आणलेला डॅन ॲशवर्थ, तो तर पाच महिन्यांत गेला.

तेव्हाही असंच झालं होतं, आठवतंय का? टेन हाग गेला, त्याच्या जागी तात्पुरता रूड व्हॅन निस्टलरॉय उभा राहिला. भाऊबीजेच्या रात्री चेल्सीसोबत एक-एक. आपल्या ब्रुनोनं पेनल्टी मारली आणि चारच मिनिटांत त्यांच्या कैसेदोनं बरोबरी केली. आपण बहिणीकडचं जेवण उरकून पळत घरी आलेलो, आणि मॅच संपल्यावर सगळे म्हणाले, "रूड असता कायम तर!" मग आमोरिम आला. विधानसभेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची पहिली मॅच इप्सविचला. रॅशफर्डनं दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला, सगळे नाचले, आणि शेवट एक-एक. तेव्हा म्हणाले, "वेळ द्या, सिस्टीम नवीन आहे." त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०२१, मॅनेजर सोल्शारला काढल्यावर तात्पुरता कॅरिक टीम घेऊन चेल्सीकडं गेला, आपल्या सँचोनं गोल मारला, त्यांच्या जॉर्जिन्होनं पेनल्टीवर बरोबरी केली. एक-एक. तेव्हा म्हणाले, "रोनाल्डोला बाहेर बसवायची हिंमत दाखवली, वा!" दर वेळी माणूस जातो, दर वेळी बरोबरी होते, दर वेळी आपण त्या बरोबरीत काहीतरी चांगलं शोधून काढतो. आणि दर वेळी वर बसलेल्यांना आणखी दोन-चार महिने शांततेत मिळतात.

आपला जुना मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला काम सोडून गेला. त्यानंतर मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग, आमोरिम. सहा झाले. व्हॅन गालला तर एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. सहाच्या सहा माणसं नालायक होती का? बोअरला पाणी नाही आणि आपण दर वर्षी मोटार बदलायलोत. मराठवाड्यातल्या माणसाला तरी हे समजायला पाहिजे! ग्लेझर घराण्यानं २००५ ला क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. त्याच्या आधी क्लबवर कर्ज नव्हतं. वीस वर्षं व्याज भरतोय क्लब. २०२४ ला उद्योगपती जिम रॅटक्लिफ आला, पाव हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला, फुटबॉलचा कारभार हातात घेतला, आपल्याला वाटलं आता काहीतरी होईल. झालं काय? पहिल्या वर्षी अडीचशे लोकांच्या नोकऱ्या घालवल्या, पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत. स्टाफचं फुकट जेवण बंद केलं. सीझन चालू असताना मेंबरांचं तिकीट ६६ पौंड केलं, पोरासोरांची आणि म्हाताऱ्यांची सवलतसुद्धा काढून घेतली. स्वयंपाकघरातल्या बाईचं जेवण तोडून पैसे वाचवायचे आणि तेच पैसे मॅनेजरला घालवायला उडवायचे. मी पण कंपनीत काम करतो. कँटीन बंद होणं म्हणजे काय, लिस्टमध्ये नाव येईल का या भीतीनं महिना काढणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून ह्याचा राग जास्त येतो.

या जानेवारीत इथं गल्लीगल्लीत महापालिकेच्या प्रचाराच्या रिक्षा बोंबलत फिरायल्यात. माझे हेच मित्र उमेदवाराला दारात उभं करून विचारतात, पाणी आठवड्यातून कितींदा येतं, रस्ता कधी झाला, पाच वर्षं काय केलं. बरोबर विचारतात. मग क्लबच्या मालकांना वीस वर्षांचा हिशोब का नाही मागायचा?

यावर एक उत्तर ठरलेलं. "तुला काय मिळायलं त्याच्यातून? कुठं मँचेस्टर, कुठं आपण." हे बोलणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे. आमखास मैदानावर आम्ही अनवाणी खेळायचो तेव्हापासून हा क्लब माझा आहे. अंगावरचा लाल शर्ट बाजारातून शंभर रुपयांत घेतलेला होता, पाठीवर नाव चुकीचं छापलेलं, पण तो घालून बॉलच्या मागं पळताना जे वाटायचं ते खोटं नव्हतं. परभणीत, नांदेडात, जालन्यात अशी पोरं आजही आहेत, सातची शिफ्ट असली तरी पावणेदोनला उठून बसणारी. त्यांनी तिकीट काढलं नसेल, पण आयुष्यातल्या कितीतरी रात्री दिल्यात. त्यांना बोलायचा पूर्ण हक्क आहे. आणि हक्क आहे म्हणूनच म्हणतो, तो हक्क बर्नलीसोबतच्या बरोबरीवर खुश होण्यात वाया घालवू नका.

बसमधल्या त्या पोराला मी उतरताना विचारलं, क्लबच्या चांगल्या दिवसांत बर्नलीसोबत बरोबरी झाली असती तर तू काय म्हणाला असता? म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या." आणि आज? गप्प बसला. वीस वेळा लीग जिंकलेल्या क्लबच्या माणसाला खालच्या तिघांतल्या टीमसोबत एक पॉइंट मिळाला की बरं वाटतं, इथपर्यंत आणून ठेवलंय आपल्याला. हे फ्लेचरनं केलं नाही. तो बिचारा क्लबचाच माणूस, दोन दिवसांत जे जमलं ते केलं त्यानं, त्याला माझा काही शब्द नाही.

आता रविवारी, ११ जानेवारीला, रात्री दहाला ओल्ड ट्रॅफर्डवर ब्रायटन. एफए कप. या २०२५-२६ च्या सीझनला युरोपात आपण नाही, लीग कपातून ग्रिम्सबीनं बाहेर काढलं, म्हणजे लीग सोडली तर हाती एवढंच उरलंय. या कपात आता रिप्ले नसतो. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी, आणि कुणीतरी एक बाहेर. मी बघणार. ज्याला माझ्या घरी यायचंय त्यानं यावं, चहा मी करतो. पण दोन-दोन झालं आणि तिथं बसून "टीम किती मोकळी खेळली" असं कुणी म्हणालं, तर त्यानं चप्पल घालून निघायचं.