स्वादुपिंडाला उपाशी ठेवण्याचा अट्टहास

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: "स्वादुपिंडाला अचानक सूज आली तर आठवडाभर तोंडाने काही देऊ नका, सलाईन धो धो चढवा, पहिल्याच दिवशी भारी अँटिबायोटिक सुरू करा, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य) रोज तपासा. पित्ताशयातल्या खड्यांचं काय ते दोन-तीन महिन्यांनी बघू." यातलं बरंचसं एकेकाळी वॉर्डात खरोखर चालायचं, म्हणूनच ते पटतं.

आधी उपासाचं. पोटात अन्न गेलं की स्वादुपिंड पाचकरस सोडणार आणि दाह भडकणार, असा हिशेब. पण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर दुबळं होतं आणि आतले जंतू बाहेर झिरपण्याचा धोका वाढतो. आजार सौम्य असेल, उलट्या थांबल्या असतील, भूक लागली असेल, तर २४ तासांतही कमी स्निग्ध, मऊ जेवण देता येतं. दुखणं पुरतं जायची वाट बघायची गरज नाही. खाणं जमलंच नाही तर नाकातून नळी घालावी. शिरेतून पोषण अगदी शेवटी.

सलाईनबाबत तर पुरावाच आहे. २०२२च्या 'वॉटरफॉल' चाचणीत जोरात द्रव दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात जादा पाणी साठलं, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के. आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. शरीर कोरडं पडलेल्या रुग्णाला द्रव हवाच, शक्यतो रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाईन. पण दर काही तासांनी नाडी, लघवी, रक्तातला युरिया, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघून वेग ठरवायचा. श्वास उथळ, भराभर चालू लागला आणि बाटली तशीच धावतेय, हे चालणार नाही.

अँटिबायोटिक? पहिल्या आठवड्यातला ताप बहुधा दाहाचाच असतो. पित्तनलिकेत संसर्ग असेल, मृत पेशीभागात जंतू शिरले असतील किंवा दुसरीकडे कुठे संसर्ग असेल, तरच ते द्यावं. 'खबरदारी म्हणून' नाही.

लायपेज निदानापुरतं. आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर, असं नसतं. रोज टोचून हाती काही लागत नाही.

खड्यांचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. २०१५च्या 'पोंचो' चाचणीतले रुग्ण पित्तखड्यांमुळे झालेल्या सौम्य आजाराचे होते. रुग्णालयाच्या त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्क्यांना पुढे पित्तखड्यांमुळे पुन्हा दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. थांबलेल्यांत १७ टक्क्यांना. थांबणं शहाणपणाचं ठरतं ते गंभीर आजारात, स्वादुपिंडाभोवती द्रव साठलेला असताना. संदेशात नेमका तो फरकच नाही.